फळी मोडली नाही

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ नावाचा एक विषय असतो. पोरं त्याला एसओएम म्हणतात. नाव ऐकून वाटतं, कुठली वस्तू किती वजनाला मोडते एवढंच यात शिकवत असतील. तेही शिकवतात, पण ते अर्ध्या पुस्तकात आटोपतं. उरलेल्या अर्ध्यात वस्तू न मोडता किती लांबते, किती वाकते, किती पिळली जाते याचा हिशेब असतो. मी पहिल्या अर्ध्यावर पास झालो. दुसऱ्या अर्ध्यातलं ‘स्लोप अँड डिफ्लेक्शन’ हे प्रकरण मी ऑप्शनला टाकलं होतं. पेपरात त्यावरचा प्रश्न आला तसा गेला, आमची भेट काही झाली नाही. ती पुढे माझ्याच हॉलमध्ये व्हायची होती.

पदवी मेकॅनिकलची आणि नोकरी बँकेत, असे आमच्या पिढीत बरेच आहेत. बँकेत मला कोणी इंजिनीअर म्हणून ओळखलं नाही. कॅश टॅली झाली की तिथे माणसाकडून दुसरी अपेक्षा नसते. नातेवाइकांत मात्र मी इंजिनीअरच. मिक्सर घरघरू लागला, नळाचा वायसर गेला, कुकरची शिट्टी होईना, की सगळे माझ्याकडे बघतात. मी वस्तू हातात घेतो, उलटसुलट करतो, ‘हं’ म्हणतो आणि ‘हे दुकानातच द्यावं लागेल’ असा निर्णय देतो. या एका ‘हं’वर मी बरीच वर्षं आब राखून होतो.

पण विषयाची पाटी अगदी कोरी होती असं नाही. आमच्या लॅबमध्ये यूटीएम होतं, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन. माइल्ड स्टीलची सळई त्याच्या दोन जबड्यांत धरायची आणि तुटेपर्यंत ओढायची, हा प्रयोग. वर्णन ऐकून वाटतो तेवढा तो रटाळ नाही. डायलवर दोन काटे असतात. एक खरा, लोड दाखवणारा. दुसरा नुसताच त्याच्या पुढे, खऱ्याने ढकलत नेलेला. सुरुवातीला खरा काटा शहाण्या मुलासारखा वर चढतो, जेवढं ताणाल तेवढा. मग एका जागी थबकतो, थरथरतो, जरा मागेही येतो. हा यील्ड पॉइंट. त्याच्या अलीकडे सोडून दिली असती तर सळई मूळ लांबीवर आली असती. इथून पुढचं लांबणं कायमचं. काटा पुन्हा चढतो, वरचं टोक गाठतो आणि सोबत्याला तिथेच टाकून स्वतः परत फिरतो. लोड उतरतोय आणि सळई लांबतेच आहे! म्हणून वाकून बघावं, तर सळईला एका जागी मान आलेली असते आणि ती डोळ्यांदेखत बारीक होत जाते. जोर कमी लागतोय तो जागाच बारीक झाल्यामुळे. त्या मानेवरचा खरा ताण वाढतच असतो. मग फाटकन आवाज. तो येणार हे सरांनी आधी सांगितलेलं होतं, तरी मी दचकून मागच्याच्या पायावर पाय दिला. तुटलेली जागा हाताला गरम लागते. एका तुकड्याच्या टोकाला वाटी तयार झालेली असते आणि दुसऱ्याच्या टोकाला त्या वाटीत बसणारा सुळका. बिडाची सळई ओढली तर यातलं काहीच होत नाही. ना थबकणं, ना मान. सरळ दोन तुकडे, सपाट.

आता खरी गोष्ट सांगतो. हा सगळा प्रयोग माझ्या जर्नलमध्ये आदल्या रात्रीच लिहून झालेला होता. आमच्या कॉलेजातल्या सळया वर्षानुवर्षं एकाच लोडला तुटत आल्या होत्या. सीनियर बदलले, सळया पुरवणारा बदलला, पण जर्नलमधला यील्ड स्ट्रेस 250 मेगापास्कलवरून हलला नाही आणि यंग्ज मॉड्युलस नेमका 200 गिगापास्कल. प्रत्यक्षात एक्स्टेन्सोमीटर घसरायचा आणि मॉड्युलस लाकडाचा आहे की लोखंडाचा ते कळू नये असा काहीतरी यायचा. मग उलट्या बाजूने सुरुवात करायची. आधी 200 लिहायचं, त्यावरून स्ट्रेन, स्ट्रेनवरून रीडिंग. सगळी रीडिंग सरळ रेषेत बसली की त्यातलं एखादं हातानं किंचित बिघडवायचं, म्हणजे प्रयोग केल्यासारखा वाटतो. या बिघडवण्यात माझा हात इतका बसला होता की बाकीच्या बॅचची पोरं शेवटचं रीडिंग माझ्याकडे पाठवायची.

तोंडी परीक्षेला एक्स्टर्नलनी विचारलं, “जास्त इलॅस्टिक काय, स्टील की रबर?”

मी हसलो. एवढा सोपा प्रश्न! जर्नलला लावलेलं रबरबँड काढून मी ते त्यांच्यासमोर ताणून दाखवलं. ते तुटून त्यांच्या चहाच्या कपाजवळ पडलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि म्हणाले, “स्टील. तेवढंच ताणायला रबरापेक्षा हजारो पट जोर लागतो म्हणून. पुढचा.”

हा प्रश्न दर वर्षी निम्म्या वर्गाला विचारतात आणि दर वर्षी निम्मा वर्ग रबर म्हणतो. खरं तर प्रश्न जरा लबाडच आहे. नाव इलॅस्टिसिटीचं आणि विचारायचं ताठपणाबद्दल. वस्तू ताणायला किती जोर लागतो ही एक गोष्ट, सोडल्यावर ती किती परत येते ही दुसरी, आणि कितीला मोडते ही तिसरीच. पण हे मला सुचलं तोवर एक्स्टर्नल रिटायर झाले असणार.

तर फळी. रत्नागिरीला बदली होऊन आम्ही जो फ्लॅट घेतला त्याच्या हॉलमध्ये दोन भिंतींच्या मध्ये सहा फुटांचा कोनाड्यासारखा भाग होता. तिथे पुस्तकांसाठी फळ्या मारायच्या ठरल्या. मिस्त्री आले, टेप लावला, कानामागची पेन्सिल काढून भिंतीवरच आकडे लिहिले आणि म्हणाले, “मध्ये एक उभी द्यावी लागेल.”

“नको, अखंड फळी हवी. मध्ये उभी आली की सगळा लूक जातो.”

“साहेब, झोळ येईल.”

“तो हिशेब मी करतो,” मी म्हणालो. “मी इंजिनीअर आहे.”

मिस्त्रींनी पेन्सिल कानामागे ठेवली. बायको स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. तिने नंतर सांगितलं की तिला त्याच वेळी काळजी वाटली होती.

हिशेब मी खरोखर केला, आणि मन लावून केला. आधी वजन. रद्दीवाल्याला बोलावून त्याच्या ताणकाट्याला दिवाळी अंकांचे गठ्ठे अडकवले. ताणकाटा म्हणजे हुकचा नियमच दारात आलेला: जेवढं वजन तेवढी स्प्रिंग लांबते. रॉबर्ट हुकने हा नियम 1676 साली पहिल्यांदा छापला तो सगळी अक्षरं सुटी करून, वर्णक्रमाने लावून, कोणाला कळू नये म्हणून. अर्थ सांगितला तो 1678 मध्ये. माझ्या उत्तरपत्रिकाही याच पद्धतीच्या होत्या, फक्त अर्थ नंतर सांगायची सोय विद्यापीठाने ठेवली नव्हती. रद्दीवाल्याला वाटलं अंक विकायचेत. नुसतं वजन करायचंय म्हटल्यावर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिला ती मी विसरलेलो नाही.

मीटरला साधारण तीस किलो भरली. फळी 18 एमएम प्लायची, अडीचशे मिलिमीटर रुंद, अठराशे लांब. म्हणजे एकूण चोपन्न किलो तिच्या अंगावर, सगळीकडे सारखे पसरलेले. अशा फळीच्या मध्यावर जो बेंडिंग मोमेंट येतो तो डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ. हे सूत्र मला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. त्यावरून ताण निघाला नऊ मेगापास्कल. चांगला प्लाय चाळीसच्या आसपास मोडतो. म्हणजे फॅक्टर ऑफ सेफ्टी चारच्या वर! मी तो आकडा चौकटीत घातला, चौकटीला डबल रेघ मारली आणि बायकोला बोलावून दाखवला.

“म्हणजे मोडणार नाही ना?”

“चौपट पुस्तकं ठेवलीस तरी नाही.”

हे मी आजही ठामपणे सांगतो. फळी मोडली नाही. माझा तो आकडा बरोबर होता.

मग सहज, केवळ हौसेपायी, मी वाक किती येईल तेही काढायला बसलो. ऑप्शनला टाकलेलं प्रकरण जुन्या पुस्तकातून काढलं. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. पाच डब्ल्यू एल चतुर्थ भागिले 384 ई आय. प्लायचा ई सहा हजार मेगापास्कल धरला. उत्तर आलं 56 मिलिमीटर.

छप्पन्न! दोन इंचांच्या वर. दशांशचिन्ह चुकलं असणार म्हणून पुन्हा केलं. पुन्हा छप्पन्न. कॅल्क्युलेटर बदलला. तेवढेच. इथे माझ्यातला जर्नलवाला जागा झाला. पुस्तकात त्याच सूत्राच्या खाली आणखी एक सूत्र होतं, दोन्ही टोकं पक्की जखडलेल्या तुळईचं. त्यात तो वरचा पाचाचा आकडा नसतो, म्हणजे वाक एकदम एक पंचमांश. अकरा मिलिमीटर! आणि आपली फळी काय नुसती टेकलेली थोडीच असणार होती? भिंतीत गुटके ठोकणार, त्यावर फळी, प्रत्येक टोकाला दोन-दोन स्क्रू. झालं की पक्कं. अकरा मिलिमीटर म्हणजे अर्धा इंचसुद्धा नाही, कोण बघतंय! मी 56 वर काट मारली, 11 लिहिलं, ‘दोन्ही टोके फिक्स्ड’ अशी टीप दिली आणि कागद फ्रिजवर चुंबकाने लावला.

सासरे सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. उद्घाटनाला आले, चहा घेतला, फळीखाली उभे राहून मान वर केली.

“जावईबापू, मध्ये काही दिलं नाहीत?”

“दोन्ही टोकं फिक्स्ड आहेत, बाबा.”

“स्क्रूने?” एवढंच म्हणून त्यांनी बिस्कीट घेतलं.

या ‘स्क्रूने?’चा अर्थ मला पावसाळ्यात कळला. टोक फिक्स्ड असणं म्हणजे ते जागचं हलू नये एवढंच नव्हे, ते तिथे कणभर फिरताही कामा नये. भिंतीत हातभर गाडलेली दगडी घोडी फिक्स्ड असते. गुटक्यावर ठेवलेली फळी मध्ये वाकली की तिची टोकं डोकं वर काढतात. हिशेबाने पाहिलं तर माझ्या फळीच्या टोकाला जवळजवळ पावणेसहा अंशांचा उतार यायला हवा होता, आणि तो आला. चारही स्क्रू हळूहळू लाकडातून वर ओढले जात होते. त्यांची डोकी फळीच्या वर आली होती, आणि त्यांच्याभोवती प्लायचा पिवळट भुसा.

पुस्तकं ठेवल्या दिवशीच वाक दिसत होता, पण तो मी ‘परस्पेक्टिव्ह’ म्हणून खपवला. मग रत्नागिरीचा पाऊस लागला. कपाटातल्या चपलांना बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी, आणि फळी रोज थोडी थोडी खाली. लाकडावर वजन तेवढंच ठेवलं तरी ते दिवसेंदिवस आणखी वाकत जातं, आणि दमट हवेत जास्तच. याला क्रीप म्हणतात. हेही त्याच ऑप्शनच्या गावचं. मिस्त्री नंतर म्हणाले, “साहेब, फळी दमलीय,” आणि मला वाटतं पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ते बरं आहे.

पुस्तकांनी काय करावं? डावीकडची उजवीकडे झुकली, उजवीकडची डावीकडे, आणि मध्यावर सगळ्यांची डोकी एकमेकांना लागली. बरोबर मधोमध, सगळ्यात खोल जागी, माझं एसओएमचं जाडजूड पुस्तक दोन्हीकडून दाबलं गेलेलं. ते बाहेर निघेना. शेजारचा मुलगा एकदा आला, त्याने वरच्या रिकाम्या कडेवर गोटी ठेवली. ती गडगडत मध्यापर्यंत गेली, थोडी पलीकडे चढली, परत आली आणि थांबली. मग त्याने दुसऱ्या टोकाला ठेवली. मग त्याने मित्रांना बोलावलं.

सासऱ्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरायला लावली आणि मध्ये पट्टी लावून मोजलं. एकाहत्तर मिलिमीटर.

“आमच्याकडे स्लॅबला स्पॅन भागिले अडीचशे चालतं,” ते म्हणाले.

अठराशे भागिले अडीचशे म्हणजे सात पूर्णांक दोन. मी मनात भागाकार केला आणि उत्तर सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी बायकोला गॅलिलिओ सांगितला. भिंतीतून बाहेर आलेली तुळई किती वजन घेईल याचा हिशेब त्याने 1638 च्या पुस्तकात मांडला. त्याने धरलं की तुळई खालच्या कडेवर फिरते आणि तिचा सगळा छेद सारखाच ताणला जातो. प्रत्यक्षात वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि मधला एक थर दोन्हीतून सुटलेला असतो. त्यामुळे चौकोनी तुळईची ताकद त्याच्या हिशेबात तिप्पट यायची. हे नीट मांडलं गेलं ते 1826 मध्ये, फ्रान्समधल्या नाविए नावाच्या इंजिनीअरच्या पुस्तकात. म्हणजे जवळपास दोनशे वर्षं गेली. टोकाची अट चुकणं हे त्या मानाने...

“गॅलिलिओने ते फ्रिजवर लावलं होतं का?” बायकोने विचारलं.

मिस्त्री आले. मला वाटलं होतं निदान ‘मी म्हटलं होतं’ एवढं तरी म्हणतील. नाही म्हणाले. त्यांनी पुस्तकं उतरवायला लावली, उचकलेले स्क्रू बोटांनीच काढले, फळी भिंतीला टेकून उभी केली आणि एक डोळा मिटून तिच्या पोटाकडे बघितलं. मग सागाची एक पट्टी काढली. अठरा एमएम जाड, पन्नास रुंद. “ही पुढच्या कडेला उभी मारू,” ते म्हणाले.

“आडवी नाही चालणार? फळीखाली झाकली जाईल.”

त्यांनी पट्टीची दोन टोकं दोन स्टुलांवर ठेवली आणि मला मध्ये दाबायला सांगितलं. आडवी असताना ती सहज खाली गेली. तीच उभी केली आणि दाबली, तर माझाच तळवा दुखला.

मी आत जाऊन हिशेब केला, यावेळी टोकं नुसती टेकलेली धरून. वाकण्याला विरोध करताना रुंदी एकदाच मोजली जाते, पण उंचीचा घन होतो. त्यामुळे तीच पट्टी आडवीपेक्षा उभी साडेसात पटींहून जास्त ताठ. आणि साग प्लायपेक्षा मुळातच ताठ, त्यामुळे दोन बोटं उंचीची ती उभी पट्टी अडीचशे मिलिमीटर रुंद असलेल्या माझ्या अख्ख्या फळीच्या जवळजवळ तिप्पट भरत होती. मी कागद घेऊन धावत बाहेर आलो. तोवर मिस्त्रींनी पट्टीला फेव्हिकॉल लावून क्लॅम्पसुद्धा आवळले होते. मी आय बरोबर बी डी घन भागिले बारा समजावू लागलो.

“तेवढा तो स्टूल द्या इकडे,” ते म्हणाले.

मग त्यांनी मध्ये ती उभी फळीही दिली, जी पहिल्या दिवशी सांगितली होती. सहाचे तीन-तीन फूट झाले. स्पॅन निम्मा झाला की वाक निम्मा होत नाही, चतुर्थ घातामुळे सोळावा हिस्सा होतो. छप्पन्नाचे साडेतीन. लूक गेला नाही. उलट मध्ये आडोसा आल्यामुळे पुस्तकं सरळ उभी राहतात असं बायकोचं मत पडलं. दुसरी फळी, जिच्यावर अजून पट्टी मारली नव्हती, ती त्यांनी नुसतीच उलटी केली. पोट वर, पाठ खाली.

“हे काय?”

“आता पुस्तकंच तिला सरळ करतील.”

पुलाचे गर्डर असेच आधीपासून किंचित वर उचललेले बनवतात, म्हणजे वजन आल्यावर ते सपाट दिसतात. याला कॅम्बर म्हणतात, हे मला माहीत होतं. मी ते मोठ्याने सांगितलंही. मिस्त्रींनी बिल लिहिलं: पट्टी, उभी फळी, स्क्रू, मजुरी. फळी उलटी करण्याचे काही लावले नव्हते.

दिवाळीला भाचा आला. पुण्याला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फ्रिजवरचा तो कागद कोणी काढला नव्हता, वर पाण्याच्या कॅनवाल्याचा नंबर लिहिला गेला होता. त्याने तो वाचला.

“मामा, हा घेऊ? एसओएमच्या असाइनमेंटला रिअल लाइफ ॲप्लिकेशन मागितलंय.”

“घे, पण ते अकरा चूक आहे. टोकं फिक्स्ड नव्हती. छप्पन्न हवेत, आणि पावसानंतर एकाहत्तर झाले.” मी त्याला स्क्रूची भोकं दाखवली, गोटी कुठे थांबायची ती जागा दाखवली.

तो थोडा वेळ विचारात पडला. “छप्पन्न लिहिलं तर सर विचारत बसतील, मामा. अकरा बरं दिसतंय.”

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला. दहापैकी नऊ. एक मार्क कापला होता तो आकृतीत पेन्सिल वापरली नाही म्हणून.